ढाळ

सोमवारी सकाळी मी बाथरूममध्ये पडले. पडले म्हणजे फार काही नाही. उजवा पाय मागच्या भिंतीशी ठेवला, तो ठेवला तिथे राहिला नाही, हात नळावर आपटला आणि मी भिंतीला पाठ घासत खाली बसले. मनगट दुखावलं, बादली कलंडली. सांडलेलं पाणी जाळीकडे जायचं सोडून माझ्याच मांडीखाली येऊन थांबलं, आणि त्या कोमट पाण्यात बसून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा की, ही फरशी वाकडी आहे. माणसं अशा वेळी आई आठवतात, देव आठवतात. मी मोठ्याने, रिकाम्या घरात, म्हणाले, "वाकडी आहे मेली." मग उठले, उरलेल्या पाण्यात आंघोळ उरकली, मनगटाला पट्टी बांधली आणि चहा टाकला. चहा ओतताना कप किंचित डावीकडे सरकल्यासारखा वाटला, पण तो सरकला नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही. पडल्याचंही सांगणार नव्हते, पण दुपारी सुनेचा फोन आला, मी रिसीव्हर डाव्या हातात धरला आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे, तिने विचारलं, आई, तुमचा आवाज असा का येतोय, आणि मी सांगून बसले.

संध्याकाळपर्यंत माझं पडणं माझं राहिलं नाही. मुलगा आला, सून आली, लांबच्या गावाहून लेकीचा फोन आला. तिघांनी मिळून मला डॉक्टरकडे नेलं, म्हणजे दोघांनी धरून आणि तिसरीने फोनवरून. डॉक्टरने मला टेबलावर आडवं केलं, डोकं एकदम एका बाजूला वळवलं आणि डोळ्यांत पाहत विचारलं, खोली फिरतेय का? मी म्हटलं, खोली नाही, तुम्ही फिरताय. तो हसला. कानाच्या आत तोल सांभाळणारी बारीकशी व्यवस्था असते, वयाबरोबर ती बिघडते, कधी महिन्यात बरी होते, कधी होत नाही, असं काहीसं त्याने सांगितलं. मग विचारलं, एकट्या राहता? विचारलं मला, पण पाहिलं मुलाकडे. मला ते लागलं. मी फरशीचं सांगायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, नाचता येईना अंगण वाकडं." डॉक्टर हसला, सून ओठ दाबून हसली, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मीही हसले. बासष्टाव्या वर्षी माणूस स्वतःवरच्या विनोदाला हसला नाही तर त्याला चिडका म्हणतात, आणि हसला तर त्याचं बोचकं बांधायला घेतात.

गाडीत बसल्यावर मुलाने विषय काढलाच. त्याच्याकडची खोली तयार होती. ती चार वर्षांपासून, ह्यांच्या जाण्यापासून, तयार आहे. स्वयंपाकघराच्या मागे आहे, तिची खिडकी जिन्यात उघडते, आणि तिथे इस्त्रीचं टेबल आणि नातवंडांच्या सायकली ठेवतात. त्या हलवता येतील, तो म्हणाला. माझं घर भाड्याने देता येईल. महिनाअखेरीपर्यंत सावकाश आवर, आम्ही येऊ मदतीला. सून म्हणाली, आई, आम्हाला काळजी वाटते हो. खरंच वाटते तिला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काळजीला दार उघडलं की ती सामानासकट आत येते, हे मी माझ्या सासूच्या बाबतीत पाहिलं आहे, आणि तेव्हा काळजी करणारी मी होते. मी मुलाला म्हटलं, मिस्त्री आणते. फरशी सपाट निघाली तर महिनाअखेरीला बोचकं घेऊन तुझ्या दारात उभी राहते. वाकडी निघाली तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. तो गाडी चालवत होता, त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, पैज? मी म्हटलं, पैज. त्याच्या मनात होतं, आईची हौस होऊन जाऊ दे. ते त्याच्या मानेवरून दिसत होतं.

मी चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत होते. लोकांना वाटतं, या कामात आधी काटा तपासतात. नाही. काटा उभा आहे ती जागा आधी तपासायची. काट्याच्या पायाशी गोल काचेची डबी असते, तिच्यात बुडबुडा असतो, तो मधल्या वर्तुळात बसला की मगच काट्याला विचारायचं, बाबा, तू खरा का खोटा. मी शेकडो दुकानं फिरले. खताची, औषधांची, लोखंडाची, दागिन्यांची. किती दुकानदारांनी माझ्यासमोर काट्याच्या नावाने बोटं मोडली, जुना झालाय बाई, खोटं दाखवतो, मोडीत काढा याला. आणि मी खाली वाकून पाहावं तर एका पायाखालची फळी कुजलेली. फळी बदलली की तोच काटा शहाण्यासारखा बोलायला लागायचा. साहेबांनी पहिल्या वर्षी मला विचारलं होतं, वीस किलोची वजनं उचलणार कशा? मी म्हटलं होतं, दोन्ही हातांनी. म्हणून त्या सोमवारी मला गाडीत, मागच्या सीटवर, मनगट मांडीवर ठेवून बसले असताना, एकच वाटत होतं, की माझा काटा मोडीत काढण्याआधी यांच्यातला एकजण तरी खाली वाकला असता. कुणी वाकलं नाही. फरशीवर साधा हातसुद्धा फिरवला नाही कुणी.

ती फरशी ह्यांनी घातली होती, स्वतःच्या हातांनी. हे कारखान्यात फिटर होते, अवजारखान्यात, जिथे केसाच्या जाडीवरून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. आमची ओळखच तशी झाली. कारखान्याचा एक बारीक काटा घेऊन हे आमच्या ऑफिसात आले होते, मी तो अर्ध्या ग्रॅमवरून नापास केला, ह्यांनी माझ्या टेबलावर बुडबुड्याची पाणसळ ठेवली आणि दाखवलं की टेबलच कललेलं आहे. माझं टेबल. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की मी काट्यावर शिक्का मारताना हसत होते. वर्षभरात लग्न झालं. हे घर घेतलं तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि बाथरूममध्ये नुसता खडबडीत कोबा होता. ह्यांनी आठ दिवसांची रजा काढली. कुणाच्या गवंड्यावर ह्यांचा विश्वास नव्हता. पाणी भरलेली पारदर्शक नळी आम्ही दोघांनी दोन कोपऱ्यांत धरली. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर उभं राहतं, त्याला फसवता येत नाही. मी माझ्या टोकाकडे पाहून सांगायची, माझ्याकडे बरोबर. हे त्यांच्या टोकाकडून सांगायचे, माझ्याकडेही. मुलगा दारात बसून आमच्याकडे आळीपाळीने पाहायचा, या दोन मोठ्या माणसांचं एका नळीत काय अडकलंय असं. चारी कोपरे, मध्य, दाराचा उंबरठा, जाळी, सगळं एका रेषेत. मी ऑफिसातली डबी आणून ठेवली. बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध बसला. शून्य, हे म्हणाले. शून्य, मीही म्हणाले. लग्नानंतर इतकं एकमत आमचं तेव्हाच झालं असेल.

पहिल्या आंघोळीला पाणी जिथे पडलं तिथेच उभं राहिलं. ताटात उभं राहावं तसं. जाळी एका कोपऱ्यात आणि पाणी सगळीकडे, त्याला कुठे जायचं तेच कळेना. जगातल्या कुठल्याही गवंड्याने, कुठल्याही शेजारणीने सांगितलं असतं की बाथरूमला ढाळ लागतो, जाळीकडे उतरता. एक फिटर आणि एक मापं तपासणारी, दोघं शून्यावर इतके लुब्ध की पाण्याचा विचारच कुणी केला नाही. हे दारात उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "फरशी बरोबर आहे." पाणी चुकलं होतं. मी रबराचा पुसणा आणला आणि पाणी जाळीत ढकललं, आणि त्या दिवसापासून सव्वीस वर्षं या घरात जो आंघोळ करील त्याने पाणी ढकलून बाहेर यायचं, असा कायदा झाला. पाहुण्यांना आम्ही हे इतक्या गांभीर्याने सांगायचो की त्यांना वाटायचं सगळीकडे असंच असतं. मुलगा लग्नानंतर वेगळा राहायला गेला तेव्हा नव्या घरातसुद्धा महिनाभर पाणी ढकलत होता, सुनेने सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. हेसुद्धा हसले. पण चूक झाली, असं ह्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. मीही म्हणाले नाही. कधीकधी वाटतं, संसार टिकतो तो माणसं काय बोलतात त्यापेक्षा काय बोलायचं टाळतात त्यावर, आणि मग स्वतःच्याच शहाणपणाचा राग येतो. सव्वीस वर्षं कमरेत वाकून पाणी ढकललं मी.

पाच वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला मी पंधरा दिवस गेले होते. ह्यांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. कपबशी वाजायची, सही करायला वेळ लागायचा, पाणसळ कपाटात गेली होती. परत आले तर मागच्या भिंतीकडच्या दोन ओळींतल्या फरश्या जरा पांढऱ्या दिसत होत्या. हे म्हणाले, सैल झाल्या होत्या, पुन्हा बसवल्या. मी विचारलं, एकट्याने? ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानंतर पाण्याचा स्वभाव बदलला. थोडं आपणहून जाळीकडे जायचं आणि थोडं मागे फिरून भिंतीशी साचायचं, तिथे शेवाळ धरायचं. मला वाटलं, घर खचलं असेल. दुसऱ्या वर्षी हे गेले. त्यानंतर त्या बाथरूममध्ये मी एकटीच.

मिस्त्री बुधवारी आले. पन्नाशीचा, बारीक, कानात कापूस घातलेला माणूस. दार उघडताच त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी बाथरूममध्ये एक फेरी मारली, डोळे छताकडे. मी म्हटलं, फरशी खाली आहे. ते म्हणाले, काकू, पायाला आधी कळतं. मग त्यांनी पाणसळ ठेवली, लांब पट्टी ठेवली, दोरी ताणली, गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटला. मी दारात उभी. परीक्षेच्या निकालाचीही मला इतकी धास्ती वाटली नव्हती. कारण सोमवारपासून तीनदा मला भोवळ आली होती. एकदा उशीवरून मान वळवताना, एकदा कपाटातून डबा काढताना, एकदा नुसती उभी असताना. आणि माझ्या मनात एक प्रश्न येऊन बसला होता, जो मुलालाही सुचला नव्हता: याच फरशीवर मी पाच वर्षं चालले ना, मग सोमवारीच कशी वाकडी झाली? मिस्त्रींनी पट्टीखालच्या फटीत मोजपट्टी सरकवली आणि म्हणाले, "अकरा." मी विचारलं, अकरा काय? "मिलिमीटर. भिंतीपासून हातभर अंतरावर उंचवटा आहे, आणि त्याच्या मागे खड्डा. पाय घसरायला अगदी बेतून केल्यासारखी जागा आहे." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. अकरा. मी कानाने ऐकलं आणि मनगटाने ऐकलं.

मुलाला लगेच फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात बोलत होता. मी म्हटलं, अकरा. तो म्हणाला, काय अकरा? मी सांगितलं. मग तो म्हणाला, ठीक आहे आई, तू जिंकलीस, काम होऊ दे, पुढच्या शनिवारी येऊन बघतो. इतकं सरळ हरणं त्याला वडिलांकडून आलेलं नाही, ते सुनेने शिकवलं असावं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. सत्कार करायला दुसरं कुणी नव्हतं.

गुरुवारी तोडायला सुरुवात झाली. दार लावून घेतलं तरी धूळ सगळ्या घरात, आणि छिन्नीचा प्रत्येक घाव माझ्या मनगटात. मधल्या फरश्या निघता निघेनात. मिस्त्री घाम पुसत म्हणाले, कुणी घातली ही, दगड आहे नुसता. मान ताठ झाली माझी. मागच्या दोन ओळी मात्र छिन्नीचं टोक लावताच उचलून आल्या. खालून पोकळ होत्या. मिस्त्रींनी मला हाक मारली. "काकू, हे बघा. इथे कुणीतरी नंतर ढाळ काढायचा प्रयत्न केलाय. माल जास्त वाळूचा आहे, आणि थापीने नाही लावला." मी खाली वाकले, डोकं गरगरलं, तरी वाकले. जुन्या, शिशासारख्या करड्या थरावर नवा पिवळट थर होता, आणि जिथे फरशी नीट टेकली नव्हती तिथे त्या थरावर बोटं उमटलेली होती. चार बोटं ओढत नेलेली, पुन्हा चार बोटं, पुन्हा. जाळीच्या दिशेने. ओळी सरळ नव्हत्या, बारीक बारीक लाटा होत्या त्यांच्यात. थापी हातात ठरत नव्हती म्हणून ह्यांनी माल हाताने पसरला होता. मी नसताना, पंधरा दिवसांत, गुडघ्यांवर बसून, कुणाला न सांगता, शून्य मोडायला निघाले होते हे.

मला राग आला. आधी राग आला, हे मी लपवणार नाही. सव्वीस वर्षांनी चूक कबूल करायची तर तोंडाने करायची होती, मी काय खाल्लं असतं का? माझ्यासमोर नळीचं दुसरं टोक धरून केली असती दुरुस्ती. मी सांगितलं असतं, माझ्याकडे बरोबर, तुमच्याकडे उंच होतंय. ते सोडून चोरून सिमेंट कालवलं, सिमेंटमध्ये मोठेपणा कालवला आणि माझ्या पायाखाली उंचवटा ठेवून निघून गेले. म्हणजे मला पाडलं ते ह्यांनी. मग रडू आलं, तेही रागाचंच होतं, निदान सुरुवातीला. मिस्त्री बाहेर जाऊन उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, हे सगळं काढून टाकायचं ना? मी म्हटलं, काढा. त्यांनी जरा थांबून विचारलं, एखादा तुकडा ठेवायचाय का? मी म्हटलं, काय करू ठेवून, पूजा? काढा सगळं. त्यांनी छिन्नी लावली आणि मी तिथेच उभी राहून शेवटचं बोट निघेपर्यंत पाहिलं. ओळखीच्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, दगड आहे ही. म्हणू देत.

मुलाचा रोज फोन, काम होईपर्यंत इकडे ये, आंघोळीची पंचाईत होत असेल. मी गेले नाही. चार दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाईचा टूथब्रश तिकडेच राहतो. स्वयंपाकघराचं दार लावून, पसरट टबात उभी राहून, तांब्यातांब्याने आंघोळ केली, आणि त्या टबात उभं राहताना ओट्याची कड घट्ट धरून ठेवली. बाथरूमचा तळ आता मोकळा झाला होता. मिस्त्रींनी तो झाडला, पाणी मारून भिजवला आणि मला विचारलं, ढाळ किती ठेवू? सगळी हयात शून्य म्हणत आलेल्या जिभेने उतार मागायचा म्हणजे जड जातं. तुम्ही किती देता, मी विचारलं. मीटरला दीड सेंटिमीटर, ते म्हणाले, पायाला कळत नाही आणि पाण्याला कळतं. द्या, मी म्हटलं. त्यांनी आधी जाळी बसवली, सगळ्यांत खाली. मग चारी कोपऱ्यांतून जाळीपर्यंत दोऱ्या ताणल्या, दोऱ्यांखाली मालाचे छोटे ढीग थापून त्यांची डोकी दोरीला टेकवली, त्यांच्यामधली जागा भरली आणि लाकडी पट्टी भिंतीकडून जाळीकडे ओढत आणली, पुन्हा पुन्हा, जास्तीचा माल पुढे गोळा करत. मी स्टूल घेऊन दारात बसले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. सपाटी करायची म्हणजे काहीच कुठे जाऊ द्यायचं नाही. इथे चारी बाजूंनी सगळं एका ठिकाणी जायला निघालेलं होतं, आणि तरी चूक नव्हती.

पुढच्या शुक्रवारी दुपारी माल पाय ठेवण्याइतका कडक झाला होता. मिस्त्री म्हणाले, या काकू, उद्या फरशी लावायच्या आधी तुमच्या पायाला दाखवा. मी अनवाणी आत गेले. थंडगार, किंचित खरखरीत, पायाला खरंच काही कळत नव्हतं. पाणसळ जमिनीवरच होती, तिच्यातला बुडबुडा जेवढा सरकायला हवा तेवढा एका बाजूला सरकून स्थिर. मागच्या भिंतीपर्यंत चालत गेले, जिथे पडले होते तिथे उभी राहिले, वळले. आणि जमीन उचलली गेली. डावी बाजू वर आली, भिंतीची रेघ तिरकी झाली, पाणसळीतला बुडबुडा सरपटत निघाला, सरपटत निघालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पडले नाही. भिंतीला दोन्ही तळवे लावले आणि कपाळही लावलं. ओल्या सिमेंटचा वास येत होता. मी मनात मोजत राहिले, बावीसपर्यंत मोजलं तेव्हा भिंत जागेवर आली. बुडबुडा होता तिथेच होता. मिस्त्री उंबरठ्याबाहेर उभे होते, त्यांचे हात पुढे आलेले होते पण त्यांनी मला धरलं नव्हतं. "फरशी बरोबर आहे ना हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "फरशी बरोबर आहे, काकू." मग हत्यारं गोळा करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी काही बघितलं नाही."

ते गेल्यावर मी बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले. उन्हाचा पट्टा गादीवरून जमिनीवर उतरला. पैज मी जिंकले होते. मुलाने कबूल केलं होतं, अकरा हा आकडा खरा होता, मिस्त्री तोंड उघडणार नव्हते. मी गप्प बसले तर हे घर माझं. एवढं सोपं. चौतीस वर्षांत शिक्का मारताना माझा हात एकदाही खोटा चालला नाही, पण आता कुणाचं नुकसान होणार होतं? मी भिंतीला सांगून पाहिलं, फरशी वाकडी होती, विषय संपला. भिंत काही म्हणाली नाही, पण मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. वर्तमानपत्राचं पान उलटावं तसा. चूक माहीत असून ती झाकून, वरून फरशी बसवून टाकायची, आणि खाली पोकळ. मग पुढे मी कुठेतरी पडेन आणि मुलगा छिन्नीने माझ्या गप्प बसण्याचे थर काढत बसेल. नाही, म्हटलं. मी ह्यांची बायको असले तरी हे एवढं ह्यांचं मी चालवणार नाही. पण तिकडे जाणारही नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसणार हे मला कळत नव्हतं, आणि का बसवायच्या हेही हळूहळू कळेनासं झालं.

शनिवारी मुलगा आणि सून आली. मिस्त्री कोपऱ्यात नव्या फरश्या पाण्यात भिजवत होते. मुलाने आत शिरताच खिशातून टेप काढला, रक्तातली खोड, आणि उकिडवा बसून पाणसळ इकडेतिकडे ठेवून पाहिली. सुरेख झालंय, म्हणाला. मग मोकळेपणाने हसून सुनेला म्हणाला, सायकली राहू देत आता तिथेच. सूनही हसली, तिच्या चेहऱ्यावर सुटकाही होती आणि थोडी काळजीही, दोन्ही खऱ्या.

"काल याच जागी मला चक्कर आली," मी म्हणाले. "फरशी नीट झाल्यावर. भिंत धरली म्हणून पडले नाही. पडल्या दिवसापासून येते आहे."

मिस्त्रींचे हात पाण्यात थांबले. मुलगा उठून उभा राहिला. चेहऱ्यावरून हसू गेलं आणि त्या जागी जे आलं ते मी गाडीच्या आरशात पाहिलेलं होतं. तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे डॉक्टर बरोबर होता."

"डॉक्टर बरोबर होता. आणि फरशीही वाकडी होती. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही."

"मग पैज?"

"पैज रद्द. मी येत नाही."

सून म्हणाली, आई, असं काय करता, तुम्हीच तर सांगताय. मी म्हटलं, हो, मीच सांगते आहे, कारण मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं नसतं. ज्या बाईला स्वतःचं बिघडलेलं सांगता येतं तिला स्वतःचं घर सांभाळता येतं. मुलाने आवाज चढवला, मग मिस्त्री आहेत हे आठवून उतरवला. पडलीस तर काय, त्याने विचारलं. पडले तर पडले, म्हटलं, जिन्यात उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीतही पडता येतं. आतून कडी लावणार नाही, किल्ली तुझ्याकडे आहे, रोज सकाळी नऊला फोन करीन, नाही केला तर ये. कानाच्या डॉक्टरकडे मी जाईन, तू सोबत आलास तर बरं वाटेल, पण आत गेल्यावर त्याने माझ्याकडे बघून बोलायचं. मुलगा म्हणाला, "हा हट्ट आहे आई."

"हो," मी म्हणाले.

मी मिस्त्रींना विचारलं, भिंतीलाही नव्या फरश्या चढवणार आहात, त्याआधी इथे धरायला एक दांडा बसवता येईल का, पक्का, माझं सगळं वजन घेईल असा. ते म्हणाले, बसवू की, खूण करून द्या. मुलाने मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, टेप सोडला, जमिनीपासून मोजलं आणि म्हणाला, असे दांडे सगळीकडे नव्वद सेंटिमीटरवर असतात, आणि भिंतीवर रेघ मारायला लागला. मी मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. डोळे मिटले आणि मुद्दामच मान झटक्याने वळवली. जमीन उचलली गेली. माझा हात आपणहून गेला आणि भिंतीवर एका ठिकाणी जाऊन बसला, मुलाच्या रेघेपासून चांगला खाली, नळापासून बराच आत.

"टेप ठेव बाजूला," मी डोळे न उघडता म्हणाले. "हात आहे तिथे खूण कर."

मग माझ्या बोटांभोवती, एकेका बोटाला वळसा घेत, पेन्सिल फिरायला लागली.